अंगठ्याखालचा जोड

आमच्या मामाचे वेल्डिंगचे दुकान जामला होते. नागपूरहून दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता आणि वर्ध्याकडून येणारा रस्ता जिथे मिळतात, तिथून थोडे पुढे, टायरवाला आणि चहाची टपरी यांच्या मध्ये. ट्रॉलीचे हूक, ट्रकच्या फाळक्याचे बिजागर, नांगराचा दांडा, जे तुटेल ते तिथे जोडले जाई. माझ्या थोरल्या भावाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला शाळा सोडली आणि मामाकडे राहून, होल्डर म्हणजे वेल्डिंगची सळई धरायचा चिमटा हातात धरून, तो हे काम शिकला. त्याला घरात सगळे दादा म्हणत. मी शाळेतच राहिलो आणि पुढे नागपूरला एका दैनिकात उपसंपादक झालो. घर हिंगणीचे. वांगी, मिरची, मेथी आणि सांभार म्हणजे कोथिंबीर यांच्या जुड्या वर्ध्याच्या बाजारात नेऊन विकणारे.

सुट्टीत मी जामला जाई तेव्हा मामाची एक सवय पाहिली होती. जोड थंड झाला की तो त्यावरचा काळा पापुद्रा हातोडीने झाडायचा, डोळे मिटायचा आणि जोडावरून अंगठा फिरवायचा. "डोये फसवते, अंगठा नाई फसवत," असे तो दादाला सांगे. दोन पत्रे काटकोनात जोडताना वेल्डिंगची रेघ नेमकी कोपऱ्यात बसावी लागते, दोन्ही पत्र्यांना सारखी धरून. ती एका पत्र्यावर चढली आणि दुसऱ्याला नुसती टेकली, तर वरून कितीही देखणी दिसो, घणाच्या घावाने सुटते. कोपऱ्यात बसलेली रेघ अंगठ्याला दोन्ही बाजूंनी सारखी लागते. चढलेली रेघ एका बाजूला उतार लागते आणि दुसऱ्या बाजूला पायरी. मामाने मलाही एकदा दोन्ही प्रकार हाताला लावून दाखवले होते. मला फरक कळला होता. दादाच्या तो अंगठ्यात राहिला.

काही वर्षांनी दादा वर्ध्याबाहेरच्या एका कारखान्यात लागला. ट्रॅक्टरचे लोखंडी भाग तिथे बनत. सकाळच्या पहिल्या एसटीने तो हिंगणीहून निघे. सेलूला त्याचा एक सोबती चढे, त्याच कारखान्यातला वेल्डर. दोघांची कामाची जागा शेजारी, जेवणाचा डबा एकत्र. सोबती बोलका, दादा कमी बोलणारा. मामा गेल्यावर जामचे दुकान त्याच्या मुलाकडे, म्हणजे आमच्या मामेभावाकडे आले. कारखान्यासाठी गॅसने पत्रे कापून देण्याचे काम दादानेच त्याला मिळवून दिले. ते वाढत गेले तशी मामेभावाने ट्रक-ट्रॉलीची किरकोळ दुरुस्ती सोडली. ती गिऱ्हाइके शेजारच्या दुकानांत गेली.

वेल्डरांमध्ये एक अलिखित नियम होता: चष्मा लावायचा नाही. काळी काच चालते, पांढरी नाही. वेल्डिंगची ठिणगी, म्हणजे आर्क, डोळे खाते, अशी सगळ्यांची समजूत होती आणि तिला थोडा आधारही होता. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली की संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होई. मग घरोघरी बटाट्याच्या चकत्या नाहीतर दुधाचा बोळा डोळ्यांवर ठेवून माणसे पडून राहत. दुसऱ्या दिवशी बरे वाटे, पण धास्ती उरे. कारखान्यातला एक वयस्क वेल्डर एकदा चष्मा लावून आला. महिना संपायच्या आत त्याला ग्राइंडरवर बसवले. दिवसभर दुसऱ्याचे जोड घासून गुळगुळीत करायचे. त्याच्या डोळ्यांना नेमके काय झाले होते, हे कोणी विचारले नाही. "आर्कनं खाल्ले," एवढेच लोक म्हणत.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात या कारखान्यात वेल्डिंग करणारा यंत्रमानव आला. परदेशातून लाकडी खोक्यात आला. आमच्या दैनिकाला त्याची बातमी हवी होती आणि माझा भाऊ तिथे काम करतो हे संपादकांना ठाऊक होते, म्हणून मला पाठवले. मी पाहिले ते असे: जाळीचा पिंजरा, आत जमिनीला घट्ट बसवलेला केशरी रंगाचा एक लोखंडी हात, त्याच्या टोकाला वेल्डिंगची नळी आणि नळीतून आपोआप पुढे सरकणारी बारीक तार. समोर फिरते टेबल. टेबलाच्या बाहेरच्या बाजूला माणूस लोखंडाचे तुकडे साच्यात ठेवून आवळतो, टेबल फिरते, हात आतल्या बाजूला जोड मारतो, तोवर माणूस बाहेर पुढचे तुकडे लावतो. यंत्राच्या कपाटाला उष्णता सोसत नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळा कूलर होता. वर्ध्याच्या मे महिन्यात त्या शेडमध्ये दुसरा कूलर नव्हता.

कामगारांनी त्याचे नाव जावई ठेवले होते.

"कूलर जावयाले, घाम आपल्याले," सेलूचा सोबती मला म्हणाला. "ताट समोर वाढून द्या, मंगच जेवते."

"आन रुसला का एक नट बी ढिला करू देत नाई," दुसरा कोणी म्हणाला. "सासऱ्याले पुण्याहून बोलवा लागते."

सासरा म्हणजे पुण्याहून आलेले तरुण इंजिनियर. ते हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी मला यंत्र समजावून सांगितले. या हाताला डोळे नाहीत. त्याला आधी एकदा शिकवावे लागते. बटणांचा एक डबा हातात धरायचा, पिंजऱ्यात शिरायचे, बटणे दाबत हात हळूहळू सरकवायचा, तारेचे टोक कोपऱ्यात जिथे हवे तिथे आणायचे आणि तो बिंदू लक्षात ठेवायला लावायचा. असे बिंदू एकामागून एक द्यायचे. नंतर यंत्र त्याच बिंदूंवरून जात राहते. बरोबर शिकवले तर प्रत्येक नग बरोबर, चुकीचे शिकवले तर प्रत्येक नग चूक, असे ते म्हणाले.

शिकवण्यासाठी त्यांनी दादाला निवडले होते. कारण विचारल्यावर ते म्हणाले, त्याचा हात सगळ्यांत सारखा आहे, सकाळी आणि संध्याकाळी त्याच्या कामात फरक दिसत नाही.

दादाला मी नंतर घरी विचारले, कसे वाटते.

"पोराचा हात धरून अक्षर गिरवून घेते ना मास्तर, तसं हाये," तो म्हणाला. "फक्त हे पोरगं विसरत नाई."

बातमी छापून आली. तो अंक मी हिंगणीला नेला. दादाने तो लांब धरला, चित्र पाहिले आणि मला परत दिला. "तूच वाच. तुही बातमी तुह्याच तोंडून आयकतो." मी वाचून दाखवली. आणखीही काही गोष्टी मी त्या वर्षी घरी पाहिल्या होत्या. मिरचीची पोती शिवताना दाभणात सुतळी वहिनी ओवून देई. दादा म्हणे, माझे हात मातीचे आहेत. तांदूळ निवडायचे असले की तो उठून विहिरीकडे जाई. एसटीची पाटी त्याला दुरून स्पष्ट वाचता येई, त्यामुळे डोळ्यांचा विषय कोणाच्या मनात आला नाही.

कारखान्यात सीटखाली बसणारा एक ब्रॅकेट या यंत्रावर होत असे. डाव्या बाजूचा वेगळा, उजव्या बाजूचा वेगळा. डावा ब्रॅकेट यंत्रासोबत आलेल्या तंत्रज्ञाने शिकवला आणि तो परत गेला. उजवा दादाने एकट्याने शिकवला. दोन्ही सुरू झाले. रेघा इतक्या एकसारख्या की हाताने कोणी तशी मारू शकले नसते. मग तपासणीत कोणीतरी एक उजवा ब्रॅकेट शिकंज्यात धरून त्यावर घण मारला आणि तो सुटला. दुसरा घेतला, तोही सुटला. डावे मात्र एकही सुटत नव्हते.

इंजिनियरांनी विचार केला तो चुकीचा नव्हता. डाव्या ब्रॅकेटचे पत्रे कारखान्यातल्या प्रेसवर कापले जात. प्रेसवर काम जास्त झाल्याने उजव्याचे पत्रे जामहून, आमच्या मामेभावाकडून गॅसने कापून येत. गॅसने कापलेला पत्रा प्रेससारखा नेमका होत नाही. दोन पत्रे एकमेकांना लावले की मध्ये कुठे कुठे फट राहते. हाताने काम करणारा वेल्डर ती फट पाहतो, तिथे हात जरा रेंगाळवतो, भरून काढतो. यंत्र रेंगाळत नाही. डावे टिकतात, उजवे सुटतात, आणि दोहोंतला फरक म्हणजे जामचा माल. त्यांनी जामचे काम थांबवले.

शेडमध्ये मात्र आनंद होता. जावई रुसला, असे सगळे म्हणू लागले. आता यंत्र खोक्यात भरून परत जाणार, अशी बोलवा झाली. सेलूचा सोबती एसटीत दादाला म्हणाला, "बरं झालं बाप्पा. जावई गेला त आपली चूल राह्यली." दादाने खिडकीबाहेर पाहिले. हे मला सोबत्यानेच पुढे सांगितले.

पुढच्या रविवारी मी हिंगणीला होतो. मामेभाऊ जामहून आला. अंगणात बाजेवर बसला. वहिनी मेथीच्या जुड्या बांधत होती. त्याने पाणी घेतले आणि लगेच विषयाला हात घातला.

"दादा, तुमीच सांगा. म्या पत्रे वाकडे कापले का?"

"कोण म्हंते?"

"साहेब म्हंते. म्हंते, तुझ्या मालात फट आहे, मशीनला फट चालत नाही. म्या म्हटलं, साहेब, माह्या बापाची जिंदगी ह्याच फटीत गेली, एक जोड नाई सुटला. तं म्हंते, मशीनला तुझा बाप माहीत नाही."

वहिनीला हसू आले. तिने ते पदराआड केले. मामेभावाने पिशवीतून एक ब्रॅकेट काढला. टाकून दिलेल्या ढिगातून मागून आणलेला होता.

"पाह्यजो बरं. कुठी हाये फट?"

दादाने ब्रॅकेट हातात घेतला. आधी लांब धरला, मग जवळ आणला. मग डोळे मिटले आणि रेघेवरून अंगठा फिरवला. अर्ध्यावर अंगठा थांबला. परत मागे गेला, पुन्हा पुढे आला. मी समोर बसलो होतो. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही. फक्त अंगठा पुन्हा एकदा सुरुवातीला गेला.

"चहा थंडा होऊन राह्यला," वहिनी म्हणाली.

"हे ठेव इथीच," दादा मामेभावाला म्हणाला.

"ठेवतो. साहेबाले सांगसान ना तुमी?"

"पाहू."

"पाहू? दुकान तुमच्या मामाचं हाये दादा, तिथीच होल्डर धरला तुमी. पाहू कायले म्हंता? गिऱ्हाइक म्या सोडले तुमच्या भरवशावर. आता ट्रॉलीवाले म्हंते, जा तुह्या कंपनीत."

दादाने ब्रॅकेट खिशात टाकला. मामेभावाने चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने तो परत गेला. जाताना वहिनीने त्याला वांगी दिली. ती त्याने घेतली, पण दादाला नमस्कार केला नाही. आमच्याकडे धाकटे थोरल्याचा निरोप असा घेत नाहीत.

संध्याकाळच्या आधी आम्ही दोघे शेतावर गेलो. मिरचीला पाणी सुरू होते. दादाने धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून खिशातून तो ब्रॅकेट काढला आणि माझ्या हातात दिला.

"अंगठा फिरव."

मी फिरवला. एका बाजूला उतार होता, दुसऱ्या बाजूला पायरी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी.

"फट असती तं कुठी बसली असती, कुठी सुटली असती," तो म्हणाला. "हे सरसकट हाये. म्या जिथी दाखवलं तिथी त्यानं मारलं. दाखवलंच चूक."

"काऊन?" मी विचारले.

तो पाण्याकडे पाहत राहिला. "जवयचं दिसत नाई मले. होल्डर हातात असला का काम होते. आर्क पेटला का उजेड होते, आवाज कयते, लोखंड कसं वितयून राह्यलं ते कयते, हात आपोआप सरकते. त्या पिंजऱ्यात आर्क नसते. सावलीत ते तारेचं टोक पाह्य लागते. मले दोन टोकं दिसते."

त्याला वाटत होते की ठिणगीने डोळे खाल्ले आणि आता ते दिवसेंदिवस जात राहणार. हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. मग त्याने मला परिस्थिती सांगितली, जशी एखाद्या तिऱ्हाइताची सांगावी. बोललो नाही, तर यंत्र परत जाते. शेडमधले सगळे खूष, सोबती खूष, माझी जागा तशीच, आणि जामचे दुकान बसते. बोललो, तर जामचा माल परत सुरू होतो, पण मी ग्राइंडरवर जातो, यंत्र राहते, आणि उद्या यंत्राने कोणाची जागा खाल्ली तर लोक म्हणतील याने खाऊ घातले.

"मामा असता तं का म्हटला असता?" मी विचारले.

"मामा असता तं म्या ब्रॅकेट त्याच्या हाती लागूच नसता देला," तो म्हणाला, आणि पाण्याची वाट बदलायला उठला.

मी त्याला म्हटले की आधी डॉक्टरला दाखव. तो नाही म्हणाला. डॉक्टरने एकदा सांगितले की ते खरे होईल, असे त्याचे म्हणणे होते. यावर घरात पुढे काय बोलणे झाले त्याला मी साक्षी नाही, पण सकाळचे मी ऐकले. वहिनी चुलीपाशी होती, दादा अंगणात दात घासत होता.

"ग्राइंडरवर गेले त गेले," ती म्हणाली. "आंधये होऊन घरी बसले त मी का करू?"

"तुले कोणं सांगतलं?"

"सांगा कायले लागते? दाभण कोण ओवून देते, मीच ना? हात मातीचे म्हने! आंघोयीवरून आले तरी मातीचे?"

दादाने चूळ भरली. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. मीही रजा वाढवली आणि आम्ही दोघे वर्ध्याला गेलो.

डोळ्यांचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी डोळ्यांत औषध घातले, यंत्रातून पाहिले, अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. दूरचा तक्ता दादाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग हातात एक कागद दिला. तो त्याने हात पुरेल तितका लांब नेला. डॉक्टरांनी चौकटीत दोन काचा घालून ती त्याच्या नाकावर ठेवली आणि कागद जवळ आणायला सांगितले. दादाने कागद वाचला. मग कागद सोडून स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. नखाकडे, भाजल्याच्या जुन्या डागांकडे. बराच वेळ.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "चाळिशी लागली, एवढंच."

"आर्कनं नाई?"

"आर्कनं नाही. वयानं. सगळ्यांनाच लागते." त्यांनी स्वतःचा चष्मा काढून दाखवला.

"शिंप्याले लागते तेच?"

"तेच."

दादाने चौकट काढून डॉक्टरांच्या हाती दिली. मला वाटले होते त्याला हलके वाटेल. ते वाटले असेलही, पण तिथे दिसला तो थोडासा अपमान. दोन-अडीच वर्षे जी गोष्ट त्याने धंद्याची जखम म्हणून एकट्याने वागवली होती, ती शिंप्याला, मास्तरला आणि किराणावाल्याला होते तीच निघाली. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्या ग्राइंडरवाल्या बुढ्यालेबी हेच असन." मग चष्म्याच्या दुकानाकडे वळला.

पुढचे मी पाहिलेले नाही. दादाने, इंजिनियरांनी आणि सेलूच्या सोबत्याने वेगवेगळ्या वेळी सांगितले. तिघांचे जेवढे जुळते तेवढे लिहितो. दादा चष्मा खिशात न ठेवता डोळ्यांवर लावूनच फाटकातून आत गेला. शेडमध्ये दोन-तीन होल्डर थांबले. इंजिनियरांनी विचारले, हे काय? तो म्हणाला, "साहेब, उजवा ब्रॅकेट परत शिकवा लागते. माल बरोबर हाये, शिकवणं चुकलं." इंजिनियरांनी जामचेच शिल्लक पत्रे साच्यात आवळायला लावले. दादा बटणांचा डबा घेऊन पिंजऱ्यात गेला. प्रत्येक बिंदूवर यंत्राचा हात नेऊन पाहिला तर तारेचे टोक कोपऱ्यापासून तारेच्या जाडीएवढे बाजूला होते, सगळीकडे एकाच बाजूला. त्याने एकेक बिंदू सरकवला. इंजिनियर बाहेरून पाहत होते. मग टेबल फिरले. निघालेल्या नगांवर घण मारले गेले. एकही सुटला नाही.

जुळत नाही ते असे. इंजिनियर म्हणतात की त्यांनी दादाची पाठ थोपटली. दादा म्हणतो की ते काही न बोलता टेबलाशी जाऊन उभे राहिले. सोबती म्हणतो की साहेबांचा चेहरा उतरला होता, कारण जामवाल्याला बोललेले शब्द परत घ्यावे लागणार होते.

ते त्यांनी घेतले, आपल्या परीने. जामचे काम पुन्हा सुरू झाले. सोबत त्यांनी लोखंडाची एक पातळ पट्टी पाठवली. ज्या फटीत ही पट्टी शिरेल तो पत्रा चालणार नाही. मामेभाऊ त्या पट्टीला शिव्या देत राहिला आणि पत्रे तिच्या मापाने कापत राहिला. दादाला ग्राइंडरवर बसवले नाही, पण वेल्डरच्या जागेवरही परत नेले नाही. तो पिंजऱ्यापाशीच राहिला. नवे नग शिकवायचे, बिघडले तर पाहायचे. कारखान्यात त्याने पुन्हा होल्डर हातात धरला नाही. कोणाला कामावरून काढले गेले नाही. पण वेल्डर निवृत्त होत गेले तशा त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, हे काही काळाने सगळ्यांच्या लक्षात आले. त्या दिवशी दादा गप्प राहिला असता तर हे टळले असते की दुसऱ्या कारणाने घडलेच असते, मला सांगता येत नाही. दादाला मी कधी विचारले नाही.

सोबत्याने मात्र तेव्हाच हिशेब चुकता केला. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांसमोर.

"चष्मा लावला, लय चांगलं केलं," तो म्हणाला. "पण डोये उघडले तं आपल्या लोकायकडे पाह्यचं होतं."

"जामवाला कोणाचा होता?" दादाने विचारले.

"तुह्या मामाचा."

"मंग?"

सोबत्याने आपला डबा उचलला आणि दुसऱ्या झाडाखाली नेला. दुसऱ्या दिवशी सेलूला तो गाडीत चढला आणि मागच्या सीटवर जाऊन बसला. दादा पुढे, तो मागे, असे बरेच महिने चालले.

हिवाळ्यात, हिंगणीच्या बाजाराच्या दिवशी, मी घरी होतो. वहिनीला ताप होता म्हणून वांग्यांच्या ढिगामागे दादा बसला होता, मी शेजारी. दुपारी गर्दीतून सेलूचा सोबती आला. सेलूला वांगी मिळतात. हिंगणीपर्यंत कोणी वांग्यांसाठी येत नाही. तो समोर उकिडवा बसला. माझी विचारपूस केली, दादाची केली नाही.

"कशी देल्ली?" त्याने ढिगाकडे पाहून विचारले.

"तुले काय भाव," दादा म्हणाला. "घे."

सोबत्याने एक वांगे उचलले, कीड पाहण्यासाठी देठाशी धरून फिरवले. जवळ धरले, मग लांब नेले, मग आणखी लांब. हात सरळ झाला. दादा चष्म्यातून त्याच्याकडे पाहत होता. सोबत्याने ते वांगे पिशवीत टाकले. आणखी दोन टाकली.

"तो डॉक्टर कुठी बसते म्हने?" त्याने पिशवीत पाहत विचारले. "माह्या साळ्याले दाखवाचं हाये."

"सोमवारी येजो," दादा म्हणाला. "मी येतो संगं."

"साळा येईन."

"साळ्याले घेऊन येजो. तू बी येजो."

सोबत्याने मान हलवली. उठता उठता म्हणाला, "शेडमध्ये बोलजो नको बे."

"नाई बोलत." दादाने हात पुढे करून त्याच्या पिशवीतले पहिले वांगे बाहेर काढले आणि देठाजवळचे बारीक छिद्र नखाने त्याला दाखवले. मग ते बाजूला टाकले आणि ढिगातले दुसरे, पाहून, पिशवीत ठेवले.